तीन वाजायच्या आतलं पाणी

माझी सून हन्ना हिला भांडं आवाज न करता ठेवता येत नाही. लग्न होऊन आली त्या दिवसापासून सांगतेय. कप ठेवला की बशी ओरडते, पातेलं ठेवलं की ओटा. घरात एक वेळ चालून जातं. पण उत्तम शुक्रवारी, भर उपासनेत, सासू पुलपीटावर उभी असताना, देवळाच्या दगडी फरशीवर पितळेचा तांब्या आपटायचा, आणि तोही तीन वाजायच्या आत, हे कोणत्या गावात शिकवतात मला माहीत नाही. तिचं माहेर मिरजेचं. मिरजेत तरी शिकवत नसतील.

मी बोलत होते. पुलपीटावरून, सगळ्या मंडळीपुढं, आयुष्यात पहिल्यांदा. "मला तहान लागली आहे" हा प्रभूचा उद्गार मी नुकताच दुसऱ्यांदा उच्चारला होता, आवाज खाली आणून, जसा चाळीस दिवस गोठ्यात म्हशीपुढं म्हणून म्हणून बसवला होता तसा. देवळात चिमणीचासुद्धा आवाज नव्हता. येशूदास पंच रुमालानं डोळे टिपत होते. आणि ठण्ण.

ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वधस्तंभावर प्रभू सात वेळा बोलला. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन आम्ही देवळात बसतो, आणि सात माणसं एकेका उद्गारावर बोलतात. हे सगळीकडेच आहे. पण आमच्या टाकळीची आणखी एक रीत आहे. त्या दिवशी सकाळपासून तीन वाजेपर्यंत कुणी पाण्याचा थेंब तोंडात घेत नाही. एप्रिलचं ऊन, वर पत्रा, तरी नाही. देवळाच्या ओसरीत दोन रांजण भरून ठेवलेले असतात, शेजारी परातीत गूळ. तीनची घंटा झाली की प्रत्येकाला गुळाचा खडा आणि तांब्यातून पाणी. गूळ आमच्या घरचा असतो. रीतही आमच्याच घरची. माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो, या मंडळीचे पहिले पंच. रीत त्यांनी घातली, आणि ते गेल्यावर ती कुणी मोडू नये हे पाहायचं काम मी माझ्याकडे घेतलं. कुणी दिलं नव्हतं. काही कामं कुणी देत नसतं.

तर त्या वर्षी पाळकसाहेब अमोलिक, म्हणजे आमचे पाद्री, नवे आले होते. तरुण माणूस, सायकलवरून घरोघर फिरायचा. एके दिवशी ओसरीत बसून म्हणाला, दरवर्षी मास्तर, हेडमास्तर आणि रिटायर तलाठी हेच बोलतात, यंदा पाचवा उद्गार तुम्ही घ्या. मी म्हटलं, साहेब, मी तिसरी पास, तीही मास्तरांना आमची कोंबडी आवडली म्हणून. तर तो म्हणाला, "तहानेवर बोलायला शाळा लागत नाही, बाई." त्याच दिवशी मला तो माणूस आवडला.

गावात बातमी पोचायच्या आत माझी जाऊ रिबेका पोचली. रिबेका मास्तरीण. डी.एड., तीस वर्षं शाळेत, आणि गेली पंधरा वर्षं तिसरा उद्गार तिचाच. त्यात प्रभू आपल्या आईशी बोलतो, म्हणून तो बाईमाणसाला द्यायचा असं पंचांनी कधीतरी ठरवलं, आणि बाईमाणूस म्हणजे रिबेका असं रिबेकानं ठरवलं. मी थोरली, ती धाकटी. पण लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात ती मला ऱ्हस्व-दीर्घ समजावून सांगायला लागली होती, तेव्हापासून आमचं दोघींचं जे आहे ते आहे.

ती खुर्चीत बसली, चहाला साखर नको म्हणाली, शुगर निघाल्याला तेव्हा वर्ष झालं होतं, आणि म्हणाली, "बरं झालं जाऊबाई, पाचवा मिळाला. सगळ्यांत छोटा आहे. पाठ होईल तुम्हाला."

मी हसले. मला हसता येतं.

चाळीस दिवस मी दुसरं काही केलं नाही. माझा मुलगा शमुवेल मंडळीचा सेक्रेटरी. तो मला रात्री जेवण झाल्यावर तो भाग वाचून दाखवायचा, मी ऐकून धरून ठेवायचे. तिथं एक शिपाई आहे. प्रभू तहान लागली म्हणतो तेव्हा तो स्पंज आंबेत बुडवून काठीवर वर धरतो. आंब म्हणजे काय ते मी पाळकसाहेबांना विचारून घेतलं. आंबलेला द्राक्षारस, शिपाई लोक प्यायचे तो. त्या शिपायावर मी चांगलं घसरायचं ठरवलं. देवाच्या लेकराला पाणी मागितल्यावर आंबट देणारा, अरे तुझ्या घरी आई नव्हती का, असं. हन्ना घड्याळ लावून बसायची. ती दवाखान्यात नर्स, तिला सगळं मिनिटांत मोजायची सवय. एकदा म्हणाली, आई, फार छान झालंय, पण पंधरा मिनिटं दिलीत आणि तुमची पंचवीस होतात. मी म्हटलं, प्रभू सहा तास लटकला होता, तुला दहा मिनिटं जड होतात का.

आदल्या दिवशी हन्ना रिबेकाकडे जाऊन आली. काकू, तुम्ही गोळी घेता, उपाशी राहू नका, निदान गोड पाणी तरी घ्या, असं सांगून आली. रिबेकानं विचारलं, तुझी सासू काय करणार आहे. हन्नानं खरं ते सांगितलं. मग रिबेका म्हणाली, मीही तेच करणार. हे मला हन्नानं रात्री सांगितलं. माझ्याकडे बघत सांगितलं. मी म्हटलं, ती शिकलेली आहे, तिला कळतं.

शुक्रवार उजाडला. तिसरा उद्गार रिबेकानं घेतला आणि खरं सांगायचं तर चांगला घेतला. दरवर्षीचाच, पण चांगला. चौथा येशूदास पंचांनी. मग मी. मी पायऱ्या चढले, पदर खांद्यावरून घेतला आणि चष्मा काढून ठेवला, कारण वाचायचं काहीच नव्हतं. कागद नव्हताच. बायकांच्या बाजूला हालचाल झाली ती मला ऐकू आली. कागद न घेता तिथं अजून कुणी उभं राहिलं नव्हतं, तलाठीसुद्धा नाही.

आणि लोक ऐकत होते. टाकळीच्या बायकांना तहान समजावून सांगावी लागत नाही. हंड्याच्या रांगेत उभं राहून ज्यांची कंबर गेली त्या बायका माझ्यासमोर बसल्या होत्या. मी सांगितलं, पाण्यावर चालला तोच हा, लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला तोच, आणि आज त्याच्या जिभेला पाणी नाही. त्यानं मागितलं. देवानं माणसाकडे मागितलं. एवढं बोलून मी थांबले, पुन्हा उद्गार उच्चारला, आणि शिपायाला हात घालणार तेवढ्यात तांब्या वाजला.

हन्ना ओसरीतून धावत आत येत होती. उंबऱ्याला ठेचकाळली आणि तांब्या फरशीवर आदळला. निम्मं पाणी सांडलं. तिनं तो तसाच उचलला, दुसऱ्या मुठीत गूळ होता, आणि ती बायकांच्या दुसऱ्या रांगेत रिबेकापाशी गुडघ्यावर बसली. रिबेकाची मान एका अंगाला गेली होती. हन्नानं तिच्या गालात गूळ कोंबला, बोटानं चोळला, थोड्या वेळानं तांब्या ओठाला लावला. रांगा उठल्या, मुलं रडायला लागली. पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं. शमुवेलनं आणि हन्नानं मिळून रिबेकाला उचलून बाहेर नेलं. मी पुलपीटावर उभी होते. शिपाई माझ्या तोंडातच राहिला.

तीनला घंटा झाली, गूळ वाटला, पाणी वाटलं. त्या वर्षी गूळ कुणी चघळून खाल्ला नाही. सगळे कुजबुजत होते.

घरी आल्यावर मी हन्नाला काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. रीत बोलले, मामंजींचं नाव बोलले, तिच्या माहेरचं बोलले. बाहेर नेऊन पाजता आलं नसतं का म्हटलं. तीन वाजायला पस्तीसच मिनिटं राहिली होती म्हटलं.

ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, काकूंकडे पस्तीस मिनिटं नव्हती."

संध्याकाळी येशूदास पंच दोघांना घेऊन आले. माणूस वाईट नाही, पण नियमाच्या पलीकडे काही दिसत नाही त्यांना. म्हणाले, रिबेकाबाई बऱ्या आहेत, देवाची कृपा, पण तीन वाजायच्या आत देवळात पाणी नेलं गेलं, हे पन्नास वर्षांत झालं नाही. उद्या पोरंटोरं बाटल्या घेऊन येतील. हन्नाबाईंनी रविवारी सगळ्यांपुढं उभं राहून माफी मागावी, मग प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, यावं. शमुवेल खाली बघत बसला. मला त्यांनी विचारलं, तुम्हाला वरून काही दिसलं होतं का, रिबेकाबाई खरंच तशा झाल्या होत्या का. मी म्हटलं, मी कुणाकडे पाहत नव्हते, माझं चित्त वचनात होतं. आणि वर म्हटलं, माझ्या घरची आहे म्हणून सोडू नका. ते ऐकून येशूदास पंचांची छाती फुगली. माझीही फुगली होती, खोटं कशाला सांगू.

ते गेल्यावर हन्ना माझ्यापुढं येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुमच्या बोलण्यात मोडता घातला त्याची माफी मागते, आई. आत्ता मागते, रविवारीही मागेन. पाणी दिलं त्याची मागणार नाही."

म्हटलं, मग प्रभुभोजन मिळणार नाही.

"नाही मिळालं तर नाही," ती म्हणाली. आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं ताट वाढलं, आपटूनच.

शनिवारी सकाळी मी रिबेकाकडे गेले. पाहायला गेले असं घरात सांगितलं. खरं तर ती काय म्हणते ते ऐकायला गेले. ती पलंगावर उशांना टेकून बसली होती, उशाशी साखरेचा डबा. चेहरा उतरला होता पण जीभ जागेवर होती. म्हणाली, "या जाऊबाई. तुमचं शिपायाचं राहिलं. हन्ना म्हणत होती तेच सगळ्यांत चांगलं होतं."

मी म्हटलं, सगळ्यांना ऐकायला मिळालं असतं, तू थोडी थांबली असतीस तर.

ती हसली नाही. नातीला बाहेर पाठवलं. मग म्हणाली, "तुम्ही पाहिलंत मला."

मी उशाशी ठेवलेल्या साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट केलं.

"मी पुढच्या बाकाच्या दांड्याला धरलं तेव्हा पाहिलंत. घाम पुसता येईना तेव्हा पाहिलंत. तुमचा आवाज चढला ना, तेव्हाच मला कळलं. तुम्हाला वाटलं मी नाटक करतेय."

बाहेर कुणीतरी धुणं आपटत होतं. मी म्हटलं, "तुला पाणी मागता येत नव्हतं का?"

"तुमच्या आधी मी पाणी प्यायले असते का?" ती म्हणाली. "मेले असते तरी नाही. म्हणून हन्नाला माफी मागायला लावणार असाल तर दोघींनाही उभं करायला सांगा, तुम्हाला आणि मला." मग जरा दम खाऊन म्हणाली, "रीत मामंजींची म्हणता. ती पडली कशी ते मला माहीत नाही, मी तेव्हा या घरात आले नव्हते. तुम्ही होतात. तुम्ही एकट्याच उरलात आता, ज्यांना माहीत आहे."

घरी येताना मी नेहमीच्या वाटेनं आले नाही, मळ्याकडून वळसा घालून आले.

ईस्टरची पहाटेची उपासना झाली. दिवे विझवले, दारं उघडली, ऊन वेदीपर्यंत आलं. प्रभुभोजनाचं मेज पांढऱ्या कापडाखाली झाकलेलं होतं. रिबेका आली होती. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं, तरी आली होती, आणि मांडीवर पाण्याची बाटली उभी धरून बसली होती, सगळ्यांना दिसेल अशी. येशूदास पंच उठले आणि त्यांनी हन्नाचं नाव घेतलं. पाळकसाहेबांचा चेहरा पडला होता. त्यांनी पंचांना समजावलं होतं, पण नवा माणूस, त्याचं कोण ऐकणार. शमुवेल पुरुषांच्या बाजूला उभा राहू की बसू करत होता.

हन्ना उठली. लिंबू रंगाची साडी, डोक्यावर पदर, हात पुढं जोडलेले. ती म्हणाली, शुक्रवारी माझ्या सासूबाई बोलत असताना माझ्यामुळं...

एवढ्यात मी उठले. गुडघ्याची हाडं वाजली ती अख्ख्या देवळानं ऐकली असतील. पुलपीटावर गेले नाही. जागेवरूनच बोलले.

मी सांगितलं की बहात्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी होते. गावची विहीर आटली होती. चार कोसांवरून बैलगाडीनं दोन रांजण पाणी यायचं, तेवढंच. वस्तीत हगवणीची साथ होती, घरटी एक माणूस आडवं. उत्तम शुक्रवारी सकाळी मामंजींनी ते दोन रांजण देवळाच्या ओसरीत ठेवले आणि म्हणाले, आज जो पायावर उभा आहे त्यानं तीनपर्यंत थांबायचं. पाणी आजारी पडलेल्यांना जाईल. उरलं तर तीनला आपण पिऊ. बारा ते तीन मामंजी स्वतः तांब्या घेऊन घरोघर फिरत होते. गुळाचा खडा त्यांच्या खिशात होता. मागून घागर घेऊन मी चालत होते. त्या दिवशी पुलपीटावर कुणीच नव्हतं. सात उद्गार झालेच नाहीत.

मी म्हटलं, रीत ही होती. तहानलेल्याला द्यायचं म्हणून धडधाकटानं थांबायचं. तुम्ही सगळ्यांनी थांबायचं तेवढं लक्षात ठेवलं, आणि तुम्हाला ते शिकवलं मी.

येशूदास पंचांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्यांना म्हटलं, पंच, शुक्रवारी संध्याकाळी माझ्या ओसरीत बसून तुम्ही मला विचारलंत, वरून काही दिसलं का. मी नाही म्हटलं. ते खोटं होतं. मला दिसलं. माझ्या जावेची मान कलंडताना मी पाहिली आणि मी आवाज चढवला, कारण माझं भाषण चांगलं चाललं होतं. ज्या शिपायाला मी नावं ठेवणार होते, त्यानं निदान आंब तरी दिली.

रिबेकानं बाटलीचं झाकण काढलं, एक घोट घेतला आणि झाकण लावलं. तेवढाच आवाज.

हन्ना अजून उभीच होती. हात जोडलेले, डोळ्यांत पाणी, आणि माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी आता पडेन आणि तिला धावावं लागेल. पाळकसाहेबांनी मेजावरचं पांढरं कापड काढायला घेतलं. पण माझं अजून झालं नव्हतं. माझी सून आहे ती, शमुवेलनं नाही, मी पसंत केलेली, मिरजेला जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघून. मी तिच्याकडे वळले.

"बस खाली," मी म्हटलं. "पाचवा उद्गार यंदा तू सांगितलास. मी नुसती बोलले. पण पुढच्या खेपेला तांब्या जरा नीट धर."